गाडी दारात

खुमेंद्र कटरेचं तोंड पहिल्यांदा काळं झालं ते धुरानं नाही, लोकांच्या हातानं. एकवीस वर्षं आगी विझवणाऱ्या माणसाच्या तोंडाला इंजिनाचं जळकं ऑइल फासलं, अन् ते कशासाठी? तर त्यानं टँकर जिथं उभा करायला पाहिजे होता, बरोबर तिथंच उभा केला म्हणून. घ्या आता!

तालुक्याच्या गावच्या अग्निशमन दलात तो सगळ्यांत जुना. दलाला आमच्याकडं लोक सरळ दमकलच म्हणतात. हुद्दा लीडिंग फायरमनचा अन् काम साहेबाचं, कारण साहेबाची खुर्ची सात वर्षांपासून रिकामी. गाड्या दोन. एक मोठी, पंपाची, तिच्यावर नंदलाल अन् आणखी दोघं. दुसरा टँकर, तो कवडू चालवायचा. कवडू सव्वीस वर्षं ड्रायव्हर, पण आगीच्या जागी पोचला की एक इंचही स्वतःच्या मनानं गाडी हलवायचा नाही. खिडकीतून मुंडकं काढून विचारायचा, "खुमेंद्रभाऊ, कुठं लावू?" खुमेंद्र हात वर करायचा. हात वर म्हणजे तिथंच थांब. एवढीच त्यांची भाषा.

नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये एक म्हातारा उस्ताद होता. तो म्हणायचा, पाणी कोणीही मारतो, गाडी कुठं लावायची हे ज्याला कळतं तोच आग विझवतो. त्याचा कायदा साधा होता. पहिली गाडी आत न्यायची, आगीपाशी. टँकर मात्र आत न्यायचा नाही. तो गल्लीच्या तोंडाशी ठेवायचा, पाण्याजवळ. आमच्या जिल्ह्यात पाण्याला काय तोटा? तळ्यांचा मुलूख, दर टोल्याला, म्हणजे छोट्या वस्तीला, एक बोडी असतेच, पोरं पोहतात अन् म्हशी बसतात ती. टँकरचा पंप त्या बोडीत सोडायचा, अन् होज, म्हणजे जाड पाइप, गल्लीतून ओढत नेऊन पहिल्या गाडीला जोडायचा. मग मारा दिवसभर पाणी. होज ओढून जोडायला पाच मिनिटं लागतात. पहिल्या गाडीचं स्वतःचं पाणी पुरतं सहा मिनिटं. हिशेब असा नेमका बसतो. पण पाहणाऱ्याला काय दिसतं? आत घर जळत आहे, अन् बाहेर पाण्यानं भरलेला टँकर बोडीच्या काठावर म्हशीसारखा उभा आहे.

दोन वर्षांपूर्वी हेच झालं. एका टोल्यावर किराण्याच्या दुकानाला आग लागली. दमकल पोचेपर्यंत दुकानात वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण दुकानाला खेटून अकरा घरं होती, एकाच्या छपरातून दुसऱ्याच्या छपरात हात जाईल अशी. खुमेंद्रनं टँकर बोडीवर लावला, होज ओढला, अन् अकराच्या अकरा घरं वाचवली. पण न जळलेली घरं कोणी मोजतं का हो? दुकान होतं इंद्रकुमारच्या साळ्याचं. इंद्रकुमार म्हणजे पाच-सहा गावांचा पुढारी, कोणाच्याही लग्नात पुढं अन् कोणाच्याही मयतीत पुढं. तो चवताळून आला. "टँकर उभा करून तमाशा पाहून राहिले बे तुम्ही? सरकारचा पगार कायले खाता?" त्याच्यामागं पन्नास लोक. कोणीतरी ट्रॅक्टरखालचा ऑइलचा डबा आणला. दोघांनी खुमेंद्रचे हात धरले, तिसऱ्यानं तोंडाला फासलं, अन् चौथ्यानं मोबाइलवर काढलं.

तो व्हिडिओ गोंदियापासून पार अर्जुनी मोरगावपर्यंत फिरला. त्याची बायको नूतन त्या रात्री रॉकेलचा बोळा अन् बेसन घेऊन बसली. तोंडावरचं निघालं, कानाच्या पाळीमागचं चार दिवस निघालं नाही. ती नुसती घासत राहिली, अन् हा चाळीस पार केलेला गडी पोरासारखा रडला. वरून ऑफिसची नोटीस आली, घटनास्थळी वाहन विनाकारण उभे ठेवल्याबाबत खुलासा करावा. विनाकारण! त्यानं चार पानांचा खुलासा लिहिला, नकाशा काढला, बोडी दाखवली, होज लाल पेननं दाखवला. तो कागद कोणी उघडूनही पाहिला नाही. तेव्हापासून तो आगीपेक्षा माणसांना भ्यायला लागला. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. ह्याचं तर तोंड ऑइलनं पोळलेलं.

मग हा गेला पौष. धान निघालं होतं, मळणी झाली होती, अन् जो तो शेतातून घरी तणस, धानाचा वाळला पेंढा, वाहून आणत होता. बेहडाटोल्याच्या कुंजीलाल रहांगडालेचीही ट्रॉली आली. वर्षभर बैलांना पुरायची म्हणून माणसं ट्रॉलीवर तणस किती उंच रचतात ते तुम्ही पाहिलंच असेल. गल्लीत विजेची तार खाली लोंबलेली. पाच वर्षांपासून लोंबलेली, सगळ्यांना ठाऊक असलेली. दर वर्षी एक जण ट्रॉलीवर बसून बांबूनं ती तार उचलून धरायचा अन् ट्रॉली खालून काढायची, अशी तिथली रीतच पडून गेली होती. ह्या खेपेला बांबू निसटला. ठिणगी पडली. ट्रॅक्टरवाल्यानं घाबरून ट्रॉली तशीच पुढं दामटली अन् कुंजीलालच्या अंगणात, माडीच्या लाकडी जिन्याला खेटून सोडून पळाला. खालच्या ओसरीत आधीच अर्धी तणस भरलेली होती. पाच मिनिटांत खालचं घर पेटलं.

माडीवर भूमिका होती, कुंजीलालची एकुलती एक पोरगी. गोंदियात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेली. जेवून वर पुस्तक घेऊन पडली होती, तिचा डोळा लागला.

सव्वादोनला दोन्ही गाड्या टोल्याच्या चौकात पोचल्या. खुमेंद्रनं उडी मारली अन् एका नजरेत सगळं पाहिलं. दहा फुटांची गल्ली, तीनशे फूट लांब, पलीकडून बंद, अन् शेवटचं घर कुंजीलालचं. चौकाला लागूनच बोडी, काठोकाठ भरलेली. नागपूरच्या उस्तादानं फळ्यावर काढून दाखवावं तसंच होतं. मोठी गाडी त्यानं आत सोडली. नंदलाल दारापाशी पोचला, पाणी सुरू झालं, दुसऱ्यानं माडीच्या खिडकीला शिडी लावली. खिडकीला सळया होत्या, पाच. आतून भूमिकानं दोन सळया धरल्या होत्या. ओरडत नव्हती. शिडीवरच्याला म्हणाली, "दादा, जिन्याकडून धूर येऊन राहिला." बस, एवढंच. त्यानं सळई उचकटायला सब्बल, लोखंडी पहार, घातली.

इकडं चौकात कवडूनं खिडकीतून मुंडकं काढलं. "खुमेंद्रभाऊ, कुठं लावू?"

खुमेंद्रनं हात वर केला.

तेवढ्यात लोकांचा लोंढा आला. सगळ्यांत पुढं, अर्थातच, इंद्रकुमार. त्यानं टँकरच्या बोनेटवर थापा मारल्या. "काऊन थांबला बे? आत पोरगी जळून राहिली अना हे पुन्हा बोडीवर उभे! मागची गोठ विसरला का कटऱ्या?" गर्दीतून चार-पाच मोबाइल वर निघाले. खुमेंद्रला ते मोबाइल दिसले. खोटं कशाला सांगायचं, आधी मोबाइल दिसले अन् मग माणसं दिसली. त्याच्या कानाच्या पाळीमागं जळायला लागलं.

तरी हात वरच होता. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. "पाच मिनिटं द्या बापा," तो ओरडला, "बोडीतून पाणी घ्यायचं हाय, आत नेला तं पाणी सरते!" कोणाला ऐकू जातं? अन् ऐकू गेलं तरी पोरगी सळया धरून उभी असताना पाच मिनिटं म्हणजे काय हे कोणी समजून घ्यायचं?

मग कुंजीलाल आला. अंगात बनियान, एका पायात चप्पल. तो शिव्या देत आला असता तर खुमेंद्र तगला असता. शिव्यांची त्याला सवय होती. पण कुंजीलालनं त्याच्या वर केलेल्या हाताला दोन्ही हातांनी धरलं अन् लोंबकळला. "भाऊ, न्या ना आत गाडी. माही एकच पोरगी हाय. दारात न्या ना भाऊ, तुमच्या पाया पडतो." साठ किलोचा माणूस त्या हाताला लटकला होता. हात खाली आला.

खुमेंद्रनं तो पुन्हा वर केला नाही. उलट कवडूला त्यानं आतल्या बाजूला खुणावलं. कवडूनं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. "आत?" त्यानं विचारलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं दोनदा विचारलं. खुमेंद्रनं मान हलवली. लोकांनी जयजयकार केला, शिट्ट्या वाजवल्या, अन् टँकर मोठ्या गाडीच्या मागं जाऊन दारात लागला.

दोन्ही गाड्यांचं मिळून पाणी बारा मिनिटांचं. टँकर आत गेला तशी गल्ली भरली. माणसं, मोटारसायकली, कोणी मदतीला म्हणून आणलेलं ट्रॅक्टर, अन् पाहायला आलेली अख्खी आळी. पहिली सळई चौथ्या मिनिटाला निघाली. जुनं घर, जुनं लोखंड, भिंतीत हातभर रुतलेलं. दुसरी सातव्याला. नंदलाल खालून जिन्यावर पाणी मारत होता अन् आग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अडवून धरली होती. तिसरी सळई अकराव्या मिनिटाला निघाली. खांदा जाईल एवढी जागा झाली, कंबर जाईना. चौथी अर्धी वाकली. "आणखी दोन मिनिटं," शिडीवरचा ओरडला, "दोनच मिनिटं पाणी चालू ठेवा!"

तेव्हाच नंदलालच्या हातातला होज ढिला पडला. आधी फुसफुसला, मग नुसती हवा.

चौकात भरलेली बोडी होती. तीनशे फुटांवर.

"मागं घे!" खुमेंद्र किंचाळला. कवडूनं रिव्हर्स टाकला, हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मागची माणसं सरकतील कुठं? त्यांच्या मागं आणखी माणसं. ट्रॅक्टरवाला चावी घेऊन कुठंतरी पुढं पाहायला गेलेला. लोक बादल्या घेऊन धावले, घराघरांतले हंडे आले, कोणी कसर ठेवली नाही. पण हंड्यानं का ती आग विझते? नंदलाल ओलं पोतं डोक्यावर घेऊन जिन्यात शिरला अन् दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून बाहेर आला. शिडीवरच्याला भूमिकानं सांगितलं, "दादा, तुम्ही उतरा." मग तिचे हात सळयांवरून सुटले.

टँकर बोडीवर जाऊन भरून यायला बावीस मिनिटं लागली. त्यानंतर पाणी भरपूर मारलं. संध्याकाळपर्यंत मारलं.

त्या रात्री खुमेंद्र घरी आला तेव्हा नूतननं न्हाणीत पाणी काढून ठेवलं होतं. तो आंघोळीला गेलाच नाही. ओसरीवर बसून राहिला. पाच मिनिटं अन् सहा मिनिटं, पाच अन् सहा, एवढंच तो पुन्हा पुन्हा पुटपुटत होता. होज जोडला असता तर विसाव्या मिनिटालाही पाणी असतं, तासानंही असतं. सळया दोनच मिनिटांत निघत होत्या. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं दुसऱ्या दिवशी मोबाइल उघडायचं धाडस केलं ते शिव्या ऐकायच्या तयारीनंच.

अन् काय पाहतो? टँकर गर्दीतून आत शिरत आहे, लोक टाळ्या वाजवत आहेत, खाली लिहिलं आहे, जिवाची पर्वा न करता दमकल थेट दारात. नंदलालच्या भाजलेल्या हातांचा फोटो. खुमेंद्रचा फोटो, अन् खाली टोल्यातल्याच कोणीतरी लिहिलेलं, 'आमच्या पोरीसाठी ह्यांनी काहीच बाकी ठेवलं नाही.' ह्या खेपेला खुलाशाची नोटीस नाही. ऑफिसातून फोन आला, शाबासकीचा! उलटी गंगा वाहते म्हणतात, ती हीच असावी. अकरा घरं वाचवली तर तोंडाला ऑइल, अन् पोरगी घालवली तर गळ्यात हार.

हार खरोखरच आला. सव्वीस जानेवारीला बेहडाटोल्यात झेंडावंदन झाल्यावर सत्कार ठेवला. खुमेंद्र जाणार नव्हता. नंदलाल दोन्ही हात पट्टीत बांधलेला घरी आला अन् म्हणाला, "चला भाऊ, नाही गेलं तं लोक म्हणतील मस्ती आली." मग गेला. इंद्रकुमारनं स्वतःच्या हातानं शाल पांघरली, नारळ दिला. ज्याच्या माणसांनी काळं केलं तोच हा. त्यानं भाषणही ठोकलं. म्हणाला, "आमची मागणी मंजूर झाली पाहिजे, दमकलची गाडी दारात आलीच पाहिजे, चौकात उभी राहिली तं आमी खपवून घेणार नाही!" हात वर करून ठराव पास झाला. मंचावर बसलेल्या खुमेंद्रला वाटलं, उठावं अन् ओरडून सांगावं. त्यानं शालीचं टोक मुठीत धरून ठेवलं.

सभा पांगली तेव्हा कुंजीलाल त्याला शाळेमागं आवारात घेऊन गेला. महिनाभरात माणूस निम्मा झाला होता. दोघं कुंपणाच्या ओट्यावर बसले. समोर बोडी दिसत होती, अजूनही भरलेली.

खुमेंद्रला राहवलं नाही. "कुंजीलालभाऊ, तुमाले एक सांगायचं हाय. तो टँकर जर का बोडीवर..."

"नका सांगू," कुंजीलाल एकदम म्हणाला.

खुमेंद्रनं खांद्यावरची शाल काढून मांडीवर घेतली.

"मले ठाऊक हाय तुमी हात वर केला होता," कुंजीलाल बोडीकडं पाहत म्हणाला. "मी लटकलो होतो तुमच्या हाताले. मले रोज दिसते ते. भूमिकाची माय विचारते, आपल्याच्यानं काही राहून तं नाही गेलं ना? मी तिले सांगतो, नाही वो, गाडी दारात होती, सगळ्यायनं सगळं केलं, तिची येळच भरली होती. एवढं सांगतो तवा ती दोन घास खाते."  मग खुमेंद्रकडं वळला, अन् त्याच्या तोंडाकडं असं पाहिलं की खुमेंद्रला कुठं पाहावं कळेना. "तुमी जाणते माणूस हा. एकदा खरं सांगा. मी हात ओढला म्हणून तं नाही ना गेली माही पोरगी?"

एकवीस वर्षांत खुमेंद्र आगीच्या बाबतीत कधी खोटं बोलला नव्हता. पंचनाम्यात नाही, खुलाशात नाही, साहेबापुढं नाही.

"नाही, भाऊ," तो म्हणाला. "गाडी दारात आली ते बरोबरच झालं."

कुंजीलाल हमसून हमसून रडला अन् त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. खुमेंद्रनं त्याला उठवलं, शालीनं त्याचे डोळे पुसले, अन् परत येताना नारळ कवडूच्या टँकरमध्ये विसरला.

एक खोटं बोललं की ते आपलं ऐकत नाही. कुंजीलालनं ते घरी जाऊन बायकोला सांगितलं, तिनं बायांना सांगितलं, अन् महिनाभरात आसपासच्या टोल्यांवर लहान पोरही सांगायला लागलं की खुद्द कटरेसाहेब बोलले, गाडी दारातच पाहिजे. खुमेंद्रनं खोक्यातून त्या जुन्या खुलाशाची प्रत काढली होती, नकाशाची, चार पानांची. शाळाशाळांत जाऊन समजावायचं, असं त्याच्या मनात होतं. पण कोणत्या तोंडानं? समजावलं तर ते कुंजीलालच्या कानी जाणार. त्यानं कागद परत खोक्यात टाकला.

होळीच्या आधी चार दिवस फोन आला. दुसराच टोला, दुपारची वेळ, तशीच अरुंद गल्ली, अन् तोंडाशी बोडी, गुडघाभर का होईना पाणी असलेली. मोठी गाडी आत गेली. लोक धावत आले, मोबाइल वर निघाले. "आत कोण हाय का?" खुमेंद्रनं पळता पळता विचारलं.

उत्तराची वाट पाहत तो मागं वळला, टँकरकडं. कवडूनं खिडकीतून मुंडकं काढलं नव्हतं. काही विचारलंही नाही. त्यानं गिअर टाकला अन् लोकांच्या टाळ्यांमधून टँकर गल्लीत घातला. खुमेंद्रच्या अंगावरच आला म्हणा ना, हात वर केला असता तर थांबला असता.

खुमेंद्र बाजूला सरला, गाडीला वाट करून दिली. कोणीतरी त्याची बाही ओढून सांगत होतं, "हाय ना भाऊ, म्हातारी हाय आत, तिले चालता येत नाही."